शब्दचर्चा : बाटणे, धर्मांतर, दीक्षा घेणे

प्रश्न : कळत्या वयात धर्म बदलणारा मनापासून बदलतो का, यावर बोलताना एकाने 'तो बाटला' म्हटलं, दुसऱ्याने 'त्याने धर्मांतर केलं'. अर्थात फरक आहे का?

उत्तर : मोठा फरक आहे. पाणी बाटतं, सोवळ्यातला स्वयंपाक बाटतो, तसाच माणूस बाटतो किंवा त्याला कोणी बाटवतं. त्याच्या मनाला इथे जागाच नाही. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी सांगतात ना, त्यात कोणाचीही श्रद्धा तसूभर बदललेली नसते, तरी सगळे बाटलेले! 'बाटगा' ही तर उघड शिवी. 'बाटग्याची बांग मोठी' म्हणताना नव्या माणसाचा उत्साह दिखाऊच असणार, हे आपण आधीच ठरवून टाकतो.

'धर्मांतर' कागदोपत्री चालणारा, तटस्थ शब्द. 'दीक्षा घेणे'मध्ये मात्र घेणारा स्वतः कर्ता असतो. 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही बाबासाहेबांची येवल्यातली घोषणा १९३५ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. मधली एकवीस वर्षं अभ्यासात आणि पारखण्यात गेली. याला 'बाटणे' म्हणताच येणार नाही.

त्यामागे सामाजिक कारण होतं, मग ती श्रद्धा कशी, असं काहीजण विचारतात. मला हा आक्षेप पटत नाही. माणूस म्हणून मान मिळावा ही ओढ धर्माच्या बाहेरची कशी?

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्या लगेच झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे आधी त्यांच्या मनाने घेतलं. बाप्तिस्मा काही वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना हा बदल पायरीपायरीने होताना दिसतो. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बाई तिथे सापडत नाही.

पुढचा प्रश्न : आणि केवळ लग्नासाठी धर्म बदलला तर?

उत्तर : 'नावापुरतं धर्मांतर' म्हणा, पण त्या माणसाकडून ऐकल्यावरच. लग्नाच्या निमित्ताने ओळख झालेला धर्म पुढे मनापासून आपलासा झाला, असंही घडतं. आणि जन्माने मिळालेला धर्म पाळणाऱ्याकडे मनापासून पाळतोस का, याचा पुरावा आपण कधी मागतो?