रहिवाशांचे आरोग्यशिक्षण: फार्मासिस्टने व्याख्यान द्यावे की औषध देतानाच बोलावे?

प्रश्न
मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. परिसरातील रहिवाशांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि प्रतिजैविके या विषयांवर मी आतापर्यंत चार व्याख्याने दिली. गर्दी चांगली होते, पत्रकेही संपतात. परंतु ऐकून गेलेलीच मंडळी आठवडाभराने ताप उतरला म्हणून प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या परत घेता का, असे विचारत येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघ यांनी २०११ साली संयुक्तपणे मांडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सार्वजनिक आरोग्याला हातभार लावणे हेही फार्मासिस्टचे काम मानले आहे. हे काम कसे केले म्हणजे अंगी लागते, याविषयी अनुभव वाचायला आवडतील.

प्रतिसाद १
मीही याच व्यवसायात आहे. व्याख्यानातले बोलणे सर्वांना उद्देशून असते, त्यामुळे ते आपल्याविषयी आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. मी औषध हाती देतानाच्या दोन मिनिटांवर भर देते. ‘समजले ना?’ असे विचारले की माणूस संकोचाने मान डोलावतो. म्हणून मी ‘घरी कोणी विचारले, तर ही गोळी कशी घ्यायची म्हणून सांगाल?’ असे विचारते. थायरॉइडची गोळी नेहमी नेणाऱ्या एका बाईंनी ‘सकाळी उपाशीपोटी’ असे बिनचूक सांगितले आणि पुढे सहज म्हणाल्या, ‘कॅल्शियमची गोळीही तेव्हाच उरकते.’ कॅल्शियममुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते, म्हणून दोन्ही गोळ्यांत सुमारे चार तासांचे अंतर लागते. त्या वर्षभर माझ्याकडेच येत होत्या आणि मी कधी विचारलेच नव्हते.

प्रतिसाद २
माझ्या वडिलांना दमा आहे. औषध लागू पडत नाही, मात्रा वाढवावी लागेल, इथवर गोष्ट आली होती. फार्मासिस्टने त्यांना पंप ओढून दाखवायला सांगितले, तेव्हा कळले की ते पंप न हलवता आधी दाबत आणि मग श्वास घेत; फवारा बहुतेक जिभेवरच बसत होता. पंप हलवणे, हळू व खोल श्वास घेता घेता दाबणे, नंतर जमेल तर दहा सेकंद श्वास रोखणे आणि औषधात स्टिरॉइड असल्यामुळे शेवटी चूळ भरणे, हे सारे त्यांनी करवून घेतले; पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलेही. खटकले ते एवढेच, की हा सराव मागे रांग उभी असताना झाला. वडिलांना ते फार अवघड वाटले. दुकानात आडोशाची एखादी खुर्ची असायला हरकत नाही.

प्रतिसाद ३
मी डॉक्टर आहे. चिठ्ठीविना घेतलेली औषधे आम्हाला दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. तापासाठी पॅरासिटामॉल घेणारा माणूस सर्दीची मिश्र गोळीही मागतो आणि तिच्यातही अनेकदा पॅरासिटामॉलच असते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि ती अशाने नकळत ओलांडली जाऊ शकते. तिथे तुमचा एक प्रश्न पुरेसा आहे. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, शौचातून रक्त जाणे अशा तक्रारींत सल्ला देत न बसता रुग्णाला तत्काळ आमच्याकडे पाठवावे. परत येणाऱ्या गोळ्यांचा दोष काही अंशी आमचाही आहे, कारण औषध किती दिवस घ्यायचे हे चिठ्ठीवर पुष्कळदा स्पष्ट लिहिलेले नसते. अशा वेळी निःसंकोच फोन करावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. पुढचे व्याख्यान मी रद्द करत नाही. पण त्या दिवशी प्रत्येकाने घरातील सगळी औषधे पिशवीत घालून आणावीत, असे कळवतो. आडोशाच्या खुर्चीसाठी मालकांशी आजच बोलतो.