जुनी मोटारसायकल घेतली, पुढे काय झालं?

मंडळी, सेकंडहँड गाडी कशी निवडावी यावर सल्ल्यांना तोटा नाही. ती घेऊन वापरायला लागल्यावर काय होतं, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा. पंधरा-वीस वर्षांहून जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची मोटारसायकल ज्यांच्याकडे आहे किंवा होती, आणि ज्यांनी ती पुसून झाकून न ठेवता कामाला जुंपली, त्यांनी लिहा. किती सीसी, किती हॉर्सपॉवर हे कुठेही सापडतं. गाडीने कशापायी अडवलं, कशाला कधी हातच लावावा लागला नाही, आणि पुन्हा घ्यायची झाली तर आधी काय बघाल, ते हवंय.

सुरुवात मी करतो. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक. घेताना बरोबर आलेल्या प्रत्येकाने इंजिनाला कान लावला. ते इंजिन अजून खोललेलं नाही. पिडलं ते रबराने. गाडी गरम झाली की आपोआप रेस व्हायची, स्लो (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) कमी करावा तर थंड असताना बंद पडायची. कार्ब्युरेटरची सेटिंग दहा जणांनी दहा प्रकारे केली. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चालू गाडीच्या मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनरचा एक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला केसाएवढे तडे होते, तिथून फुकटची हवा आत जात होती. तडे वरून दिसत नव्हते, रबर हाताने वाकवल्यावर उघडले. त्यानंतर मागच्या हबमधली कुशन रबरं निघाली, म्हणजे त्यांचा चुरा निघाला. गिअर टाकताना खट्ट आवाज यायचा तो त्याचा. मग पेट्रोलची नळी, मग एअर फिल्टरचा पाइप. लोखंड टिकलं, रबर सगळं नवं घातलं. पुन्हा घेतली तर इंजिनाआधी रबर वाकवून बघेन.

*

मी जुन्या गाड्या घेतो, चालवतो, विकतो. धंदा नाही, खोड आहे.

विकणाऱ्याला फोनवर एकच सांगतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर हँडल, टाकी काही न बघता आधी इंजिनाच्या फिनला हात. कोमट लागलं की समजायचं, थंड असताना हिचं काहीतरी लपवायचं आहे. थंड गाडी चालू केल्या केल्या निळसर धुराचा एक लोट येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हची सीलं गेलीत, ते काम आवाक्यातलं असतं. पळताना थ्रॉटल दिल्यावर धूर येतच राहिला तर रिंगा किंवा बोअर. हा फरक गरम इंजिनावर कळत नाही.

दुसरी गोष्ट हँडल. डबल स्टँडवर लावून कुणालातरी मागे बसवायचं, म्हणजे पुढचं चाक हवेत येतं. मग दोन बोटांनी हँडल हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं. बरोबर मधोमध येऊन ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं, गेला. तो बदलता येतो, पण एखादवेळी ती मोठ्या धडकेचीही खूण असते. अशा वेळी हँडल पूर्ण वळवून फ्रेमची मान बघतो, तिथे वेल्डिंग किंवा नुकताच मारलेला रंग दिसला तर नमस्कार करून परत.

चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका असेल, तर गाडी कितीही देखणी असो, सोडा. इंजिन दुरुस्त होतं, कागद होत नाहीत.

*

रात्रीचं कुणीच लिहिलं नाही अजून. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. वेग असतो तेव्हा उजेड लख्ख. खड्डा दिसला, थ्रॉटल सोडला, की उजेडही गेला. म्हणजे नेमका हवा तेव्हाच नाही. मी कितीतरी दिवस खड्डा आला की क्लच दाबून रेस करत जायची, सोबतचे लोक चमकून बघायचे.

जास्त पॉवरचा बल्ब घाला, असा सल्ला सगळीकडून मिळाला. कॉइल देते तेवढ्यातच भागवायचं असल्यामुळे मोठ्या बल्बने स्लोला आणखीच अंधार पडला. मग मल्टिमीटर घेतला. कॉइलकडून निघालेला व्होल्टेज आणि प्रत्यक्ष बल्बच्या टोकाशी पोचलेला व्होल्टेज यांत चांगलाच फरक निघाला. हँडलवरचा स्विच उघडला तर आतले पितळी संपर्क काळे पडलेले. अर्थची वायर फ्रेमला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे मागच्या मालकाने हौसेने रंग मारलेला, आणि रंगातून करंट जात नाही. पॉलिश पेपरने दोन्ही ठिकाणं घासली. उजेड नव्या गाडीसारखा नाही झाला, पण रेस करत जाणं सुटलं.

मल्टिमीटर प्रत्येकाने घ्यावाच. बारा व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ दाखवते, इंजिन थोडं रेस केल्यावर १३.५ ते १४.५च्या दरम्यान जायला हवी. जात नसेल तर चार्जिंगचा घोटाळा, नवी बॅटरी आणून उपयोग नाही, तीही बसेल. पंधरावर चढत असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळते आणि बल्ब उडत राहतात. एवढं माहीत झाल्यापासून गॅरेजमध्ये माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळायला लागलं. त्याआधी ते माझ्या शेजारी उभ्या नवऱ्याला मिळायचं, आणि त्याला गाडी चालवतासुद्धा येत नाही.

*

घेतली, हौस फिटली, विकली. किक मारून गुडघा धरला. आता बटण दाबतो आणि निघतो. ज्यांना आवडतं त्यांना शुभेच्छा.

*

टू-स्ट्रोकवाल्यांची हजेरी लावतो. यामाहाच्या आरएक्स १०० नंतर तिच्याच वर्गातली आणखी एक आली आणि राहिली. नावात शंभर असलं तरी आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं. ११ हॉर्सपॉवर आणि जेमतेम शंभर किलोचा देह, त्यामुळे ती अजूनही भल्याभल्यांना सिग्नलवर मागे टाकते.

धुराबद्दल लोक उगाच घाबरतात. टू-स्ट्रोक ऑइल जाळणारच, तिची रचनाच तशी. बघायचं ते धूर वाढतोय का आणि सोबत गिअर ऑइलची पातळी उतरतेय का. दोन्ही असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील फाटलंय आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर प्रकरण जास्त वाईट. धूर दिसत नाही, उलट गाडी हलकी, चपळ वाटायला लागते. आत हवा जास्त जाऊन मिश्रण पातळ झालेलं असतं, पिस्टन तापतो आणि भर वेगात धरतो. मागचं चाक जागच्या जागी लॉक. जुन्या टू-स्ट्रोकवर लांब सरळ रस्त्याला माझी दोन बोटं कायम क्लचवर असतात ती याचसाठी. जुनी गाडी अचानक छान पळायला लागली तर खुश होऊ नका, प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर तिथेच थांबा.

आणि सायलेन्सरची जाळी काढून फेकणाऱ्यांनो! टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीचा अभियंता वाल्टर काडेन याने १९५०च्या दशकात रेसच्या गाड्यांवर त्याचं गणित बसवलं. नळी आधी फुगत जाते, मग निमुळती होते. त्या निमुळत्या भागावर आपटून मागे आलेली दाबाची लाट, एक्झॉस्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेलं, आणि १९६२चं ५० सीसीचं जगज्जेतेपद त्याने सुझुकीवर मिळवलं. ज्या नळीपायी माणसं देश सोडून गेली ती तुम्ही करवतीने कापता. आवाज वाढतो हे खरं. पिकअप घड्याळ लावून मोजा.

जाळी काढायची ती कार्बन साफ करायला, आणि परत बसवायची.

*

वरच्या किकवाल्या दादांसाठी. किक ही ताकदीची गोष्ट नाही हो. माझं वय निवृत्तीच्या पुढे गेलंय आणि जुनी कास्ट आयर्न बुलेट मी रोज पायाने चालू करतो. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अमीटरवर नजर ठेवायची. काटा मायनसच्या बाजूला झुकलेला असतो. तो मधे आला म्हणजे पॉइंट (ज्याच्या उघडण्याने प्लगला ठिणगी मिळते तो संपर्क) उघडला, पिस्टन वरच्या टोकाशी आहे. आता डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर दाबून किक जराशी पुढे न्यायची, लिव्हर सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची. मग एकच लाथ, अर्धवट न सोडता. थ्रॉटलला हात लावायचा नाही. तरुण मुलं येतात, उड्या मारून मारून घामाघूम होतात, आणि उलटी किक बसली की माझ्या गाडीला नावं ठेवतात.

खरी अडचण वेगळीच आहे. हिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. मुलाची नवी गाडी डाव्या गिअरची. एकीवरून उतरून लगेच दुसरीवर बसलो की पहिला कोपरा येईपर्यंत मनात घोकत जातो. घाईच्या क्षणी पाय जुन्या सवयीनेच चालतो. ज्यांच्या घरी दोन्ही प्रकार आहेत त्यांनी निघण्याआधी रिकाम्या जागेत दोन-चारदा ब्रेक दाबून बघावा. हा वयाचा प्रश्न नाही, माझ्या सुनेचंही तेच होतं.

*

क्लच वायर. दुसरं काही सांगण्यासारखं नाही. ती लिव्हरपाशी, शिशाच्या गोळीजवळच तुटते, आणि तुटायच्या आधी एक-एक तार उसवते. आठवड्यातून एकदा लिव्हर पूर्ण दाबून तिथे बघा. मी नवी वायर जुनीच्या बाजूनेच आधी ओढून टेपने बांधून ठेवलीय. तुटली की दोन टोकं अडकवायची, झालं.

*

ऐष्टमैटिक... म्हणजे ऑटोमॅटिक क्लच म्हणायचं होतं, फोनने घात केला. क्लच वायरवरून आठवलं, अनेक जुन्या जावा मोटारसायकलींमध्ये गिअरचा दांडा दाबला की क्लच आतूनच सुटतो. वायर नसली तरी गिअर पडतात. शिवाय तोच दांडा फिरवून उभा केला की किक होतो. अशी गाडी बघायला मिळाली तर एकदा तरी चालवून बघा.

*

माझा मुद्दा पेट्रोलचा. गाडी महिनोन्महिने उभी होती, सुरू होईना. चोक ओढला की चालायची, सोडला की बंद. कार्ब्युरेटरमधला पायलट जेट काढून उजेडाकडे धरला, पलीकडचं काही दिसेना. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर तेवढ्याला पुरतो. तार घालून खरवडू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल ओढून घेतं, आणि पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्र्याला गंज धरतो. गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. रोज वापरत असाल तरी थांबल्यावर कॉक बंद करायची सवय लावा. फ्लोटची सुई झिजली की पेट्रोल रात्रभर झिरपतं, आणि काही गाड्यांत थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घेऊन बघा, कळतं.

*

टायरवरची नक्षी बघून समाधान मानू नका. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २०००च्या आधीचा, त्यावर गाडी ढकलतसुद्धा नेऊ नका. माझ्या गाडीचा मागचा टायर जवळजवळ कोरा होता. वर्षानुवर्षं उभ्या गाडीवर राहून त्याचं लाकूड झालं होतं, पहिल्या पावसात गोल चौकात मी आडवा. नखाने दाबून बघा, खूण उमटत नसेल तर बदला. ड्रम ब्रेकचे शूही बाहेर काढून बघा, लायनिंग जाड असलं तरी जुनं झालं की पट्टीवरून सुटून येऊ शकतं.

*

धागा काढणाऱ्यांना एक प्रश्न. पॉइंटवाली गाडी आहे. पॉइंट-कंडेन्सर नवे घातले आणि गाडी गरम झाली की मिसिंग करते. गॅप ०.३५ मिलिमीटर ठेवलाय. कॉइल बदलू का?

*

कॉइल एवढ्यात नको. इंजिन गरम करा, अंधारात मॅग्नेटचं झाकण काढून चालू गाडीत पॉइंटकडे बघा. बारीकशी ठिणगी चालते, मोठी पिवळसर ठिणगी सतत उडत असेल तर कंडेन्सर. नवा असला तरी. हल्ली नव्या म्हणून मिळणाऱ्या कंडेन्सरांतले बरेच गरम झाल्यावर मान टाकतात. काढलेला जुना फेकला नसेल तर तोच परत लावून एक चक्कर मारून या आणि काय झालं ते इथे कळवा.