विजिटिंग कार्डाची मागची बाजू

धागाकर्ता, दादर :
गेल्या रविवारी माळा आवरताना माझ्या जुन्या विजिटिंग कार्डांचा डबा सापडला. पुढच्या बाजूला माझे नाव आणि त्याखाली ‘उपमहाव्यवस्थापक, पुरवठा विभाग’ असे छापलेले होते. मागच्या कोऱ्या बाजूवर सौभाग्यवतींच्या अक्षरात ‘गोडा मसाला, दुसरी खेप’, ‘मेतकूट, हळद कमी’, ‘भाजणी, पार्ल्याची’ अशा नोंदी होत्या. बरण्यांना बांधायला तिला जाड कागद हवा होता आणि नोकरी सुटल्यानंतर माझ्याकडे तो भरपूर शिल्लक होता.

२०१७ च्या जूनमध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, मी २७ वर्षांची नोकरी सोडली. तिचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय तेव्हा ११ वर्षांचा होता आणि तो आपण ‘शिस्तीत बसवू’ अशी माझी प्रामाणिक समजूत होती. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार म्हणून मी महिनाभर त्याचा अभ्यास केला, जाडजूड टिपण काढले, आणि मग तिच्या वहीवरून माझ्या लक्षात आले की आमची उलाढाल २० लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही नसल्यामुळे ती नोंदणी आम्हाला लागूच नव्हती. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र हवी होती. वर्षाला १०० रुपये शुल्काची ती नोंदणी तिने कधीच करून भिंतीवर लावली होती. तिच्यावर कालनिर्णय टांगलेले असल्याने मला दिसली नव्हती.

रोज सकाळी १० वाजता जेवणाच्या टेबलावर बैठक घ्यायची असे मी ठरवले होते. ती बैठकीला कोथिंबीर निवडायला घेऊन बसत असे. भाजणीतले प्रत्येक धान्य किती मिनिटे भाजायचे असे विचारल्यावर ‘खमंग वास सुटेपर्यंत’ एवढेच उत्तर मिळाले आणि माझ्या तक्त्यात वासाचा रकाना नव्हता. गणपतीपर्यंत बैठका बंद पडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये तिने मला ४० किलो मिरची घेऊन लालबागच्या डंकावर पाठवले, त्यात रंगासाठी बेडगी आणि झणक्यासाठी लवंगी होती. ठसक्याने डोळे गळत असताना रांगेत माझ्यामागे माझ्याच विभागातला एक माजी सहकारी त्याच्या आईला घेऊन उभा होता. तो ‘सर, तुम्ही इथे?’ असे म्हणाला, तेव्हा पुढच्या बाईंनी मागे वळून मला एकदा नीट पाहिले आणि आपली पाटी आणखी पुढे सरकवली.

नोकरीनंतर घरच्या व्यवसायात उशिरा उतरलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः घरात हुकूम कोणाचा चालतो, याबद्दल लिहावे.

मुलुंडकर :
हुकूम मेहुण्याचा. मी सरकारी बँकेतला अधिकारी. २००१ साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा ४८ व्या वर्षी बाहेर पडलो आणि सासऱ्यांच्या स्टेशनरीच्या दुकानात बसू लागलो. कर्जाच्या अर्जांवर सही करणारा माणूस वर्षभरात स्वतःच खेळत्या भांडवलासाठी अर्ज घेऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला, आणि माझ्या मुलाच्या वयाच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांचे ताळेबंद मागितले तेव्हा मी त्याच्यावर रागावूही शकलो नाही, कारण मीही तेच मागत असे.

खरी अडचण वसुलीची होती. शाळा आणि कचेऱ्या माल उधारीवर उचलत आणि पैसे मागताना माझी जीभ टाळ्याला चिकटत असे. बँकेत मी कर्जदारांना नोटिसा पाठवल्या होत्या, पण त्या बँकेच्या होत्या. इथे मागणारा मी होतो. मेहुण्याने (तो बारावी नापास आहे, हे मी पूर्वी आवर्जून सांगत असे, आता सांगत नाही) एक गोष्ट शिकवली. बिल घेऊन जायचे नाही, नवीन माल काय हवा हे विचारायला जायचे. समोरचा माणूस मागच्या बाकीचा विषय बहुतेक वेळा स्वतःच काढतो.

घाटकोपरची सून :
काका, भाजणी घाटकोपरला पोहोचवता का? विषयांतराबद्दल क्षमस्व.

धागाकर्ता :
थालिपिठाची हवी की उपवासाची? सौ.ला विचारून सांगतो. दर आणि वार तीच ठरवते.

ठाण्याची वहिनी :
दादा, लेख आवडला, तरी एक तक्रार नोंदवते. वहिनींची ११ वर्षे आपण एका वाक्यात आटोपली आणि आपल्या एका एप्रिलला पूर्ण परिच्छेद दिला. बायकोने चालवलेला तो ‘घरगुती उद्योग’ आणि नवरा त्यात शिरला की तो ‘व्यवसाय’, हे मी फार जवळून पाहिले आहे.

माझ्या यजमानांनी २०१९ च्या दिवाळीनंतर ४६ व्या वर्षी संगणक क्षेत्रातली नोकरी सोडली आणि सासूबाईंच्या हाताच्या चवीवर विसंबून पोळी-भाजी केंद्र काढले. गिऱ्हाईक सगळे कचेऱ्यांमधले होते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि एका दिवसात एकही डबा उरला नाही. गाळ्याचे भाडे माझ्या पगारातून जात राहिले. यावर मी बोलत नव्हते आणि तेही बोलत नव्हते, आणि महिन्याच्या १ तारखेला घरात जी शांतता असे ती मला अजून आठवते. पुढे सासूबाईंनीच आमच्या संकुलातल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी केली. कमी तिखटाचे, मऊ पोळ्यांचे १४ डबे सुरू झाले. यजमानांनी त्यासाठी दरपत्रक छापायचे काढले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आधी पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना दात आहेत का ते विचारून ये.’

आज ६० डबे जातात. १९ किलोचा निळा सिलिंडर मात्र अजूनही यजमानच चढवतात, कारण त्या कामात कोणी त्यांच्याशी स्पर्धा करत नाही.

धागाकर्ता :
तक्रार मान्य. त्या ११ वर्षांपैकी बहुतेक काळ मी रात्री साडेनऊनंतर घरी येत होतो, त्यामुळे मला ती वर्षे फक्त वासाने माहीत आहेत. तिने स्वतः लिहावे असे सुचवले, तर तिने ‘वेळ कोणाला आहे’ असे विचारले.

आंबेवाला, बोरिवली :
मी उलट बाजूचा आहे. माझे वडील माझ्याकडे कामाला आहेत. ५८ व्या वर्षी एका औषध कंपनीतून निवृत्त झाले आणि गावच्या बागेतला हापूस विकण्याच्या माझ्या हंगामी धंद्यात आले. ते आल्यावर पहिल्याच हंगामात विक्री कमी झाली, कारण पेटी उघडून ते गिऱ्हाइकाला सांगत, ‘आज नेऊ नका, अजून चार दिवस गवतात राहू द्या.’ मी चिडत होतो. औषधाच्या गुणवत्ता तपासणीत आयुष्य गेलेल्या माणसाला कच्चा माल हातातून सोडवत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर तर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला, गाव कोणते, बाग कोणाची, कोणत्या दिवशी उतरवला, हे सगळे सांगू लागले आणि एका पेटीला अर्धा तास लागू लागला. परंतु त्यांनी परत पाठवलेली माणसे चार दिवसांनी आली आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना घेऊन आली, हे कबूल केले पाहिजे. ते मला सर्वांसमोर ‘साहेब’ म्हणतात. त्यात थट्टा किती आणि खरे किती, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही.

वाचनमात्र, गोरेगाव :
सगळे जमल्याचेच लिहीत आहेत, म्हणून न जमल्याचे लिहितो. २२ वर्षांची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीचा मोठा भाग एका साखळी दुकानाच्या शाखेत घातला. पत्नी व मुलगी दोघींनीही ‘आधी छोटे करून पाहू’ असे सुचवले होते, पण कचेरीत माझ्या प्रस्तावांना नाही म्हणणारे कोणी उरले नव्हते आणि ती सवय मी घरी घेऊन आलो. अनामत, सजावट आणि यंत्रे यांतच भांडवल संपले. माल भरायला उसने घ्यावे लागले. चौदाव्या महिन्यात शटर ओढले. आता पूर्वीच्या निम्म्या मोबदल्यावर सल्लागार म्हणून काम करतो. मुलीने त्यातले एक यंत्र विकू दिले नाही. ती शनिवार-रविवारी त्यावर केक करते आणि मी खोके बांधून देतो. हिशेबाची वही ती मला दाखवत नाही.

मुलुंडकर :
गोरेगावकर, मागू नका. मला मेहुण्याने चौथ्या वर्षी दाखवली होती.

घाटकोपरची सून :
केकसाठी कोणाला विचारायचे? आणि काका, थालिपिठाचीच, एक किलो.

धागाकर्ता :
सौ. म्हणते की गुरुवारी भाजायला घेणार आहे, शनिवारी मी स्वतः लोकलने आणून देईन. डबा परत हवा आहे. त्यावर माझे कार्ड बांधलेले असेल.