पाण्याचा हायड्रोजन आणि गाडीचा ॲव्हरेज: एक लीटर पाण्याचा हिशेब

घाटवाट
परवा इथे एकाने लिहिलं की पाण्यावरचं हायड्रोजन किट (गाडीतच विजेने पाणी फोडून त्यातला हायड्रोजन इंजिनात सोडणारं) बसवलं, ॲव्हरेज 16 वरून 22 वर गेला, आणि लीटरभर पाणी हजार किलोमीटर पुरतं. खाली माणसं धडाधड किटवाल्याचा नंबर मागतायत. त्यात माझा सख्खा मेव्हणा. काल त्याने ॲडव्हान्सही भरला. म्हणून एवढं लिहायला बसलोय.

त्यांचेच आकडे घेतो. 16 च्या ॲव्हरेजने हजार किलोमीटरला साडेबासष्ट लीटर पेट्रोल लागतं, 22 ने साडेपंचेचाळीस. म्हणजे 17 लीटर वाचले. आता लीटरभर पाण्यात हायड्रोजन असतो 111 ग्रॅम. तो सगळा जाळला तर उष्णता मिळते 13 मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे अर्ध्या लीटरपेक्षाही कमी पेट्रोलची. मग बाकीचे साडेसोळा लीटर कुठून वाचले? बरं, तेवढं पाणी फोडायला अशा किटला सातेक युनिट वीज लागते. ती गाडीतला वीज बनवणारा अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोल पितं. वाटेतली सगळी गळती धरली तर त्या सात युनिटांपायी पाचेक लीटर पेट्रोल जळतं. पाच लीटर घालून अर्धा लीटर काढायचा, हा धंदा कुणी करेल का? चूक असेल तर दाखवा.

वडाप
साहेब, कागदावर सगळंच जमतं. मी कराड-पाटण रोज चार खेपा मारतो. जीप डिझेलची. किट बसवायच्या आधी 11 द्यायची, आता 13.2 देते. टाकी फुल ते टाकी फुल मोजतो, वही आहे माझ्याकडे, पावत्यांसकट. चौदा वर्षं स्टेअरिंगवर बसलोय, मला ॲव्हरेज काढायला शिकवू नका. आणि अल्टरनेटर तर तसाही फिरतच असतो की. ती वीज फुकटच जाते, तिच्यातून चार पैसे निघाले तर तुमच्या पोटात का दुखतं?

शेवगा
दादा, वहीवर माझा विश्वास आहे. पण "फुकटची वीज" हे चूक आहे, आणि तुमच्या हाताला, पायाला ते माहीत आहे. लहानपणी सायकलला डायनॅमो होता ना? बाटली टायरला टेकवली की पेडल जड व्हायचं. दिवा लागायचा तो आपल्या मांडीच्या जोरावर. अल्टरनेटरचं तेच. करंट ओढला नाही तर तो हलका फिरतो, ओढला की जड होतो. रात्री जीप न्यूट्रलला चालू ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावा आणि इंजिनचा आवाज ऐका.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. दरवर्षी एक तरी मुलगा विज्ञान प्रदर्शनाला हेच किट घेऊन येतो. आम्लाचा डबा, स्टीलच्या दोन पट्ट्या, बुडबुडे. मुलाचं कौतुक वाटतं. त्याच्या वडिलांना कुणी फसवतं, त्याचा संताप येतो.

पाना_दहाबारा
गॅरेज माझं. चार किटं मी स्वतः काढून ठेवलीत. ताई, त्यात आम्ल नसतं. कॉस्टिक पोटॅश टाकतात, पाणी नुसतं करंट घेत नाही म्हणून. एका गाडीत त्याचं पाणी होजमधून ठिबकून खालच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला भोकं पडली होती. दुसऱ्या गाडीत बबलर, म्हणजे आग उलटी येऊ नये म्हणून मध्ये ठेवलेलं पाण्याचं भांडं, कोरडा पडला होता, मालकाला पत्ता नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र एकाच पाइपात, मध्ये पाण्याचा अडथळा नाही. एक उलटी ठिणगी आली असती तर बॉनेट उडालं असतं.

वडापदादा, एकच विचारतो. किट बसवताना आणखी काय काय केलं?

शेवगा
बरोबर, पोटॅशच. आमची मुलं पातळ आम्ल वापरतात, ते माझ्या डोळ्यासमोर होतं.

कुतूहल
सरसकट थोतांड म्हणणंही बरोबर नाही. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलपेक्षा कितीतरी वेगाने पसरते, त्यामुळे हवा जास्त, इंधन कमी असं पातळ मिश्रणही नीट जळतं. नासाने 1970 च्या दशकात पेट्रोल इंजिनात हायड्रोजन मिसळून हेच तपासलं होतं. दिल्लीत 2020 ला राजघाट डेपोच्या 50 बसेस हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीवर चालवून पाहिल्या. गडकरींनी 2022 ला हायड्रोजनची गाडी संसदेपर्यंत नेली. हे सगळे काय वेडे?

घाटवाट
ज्योतीचं मान्य. पण नासाच्या प्रयोगात हायड्रोजन भरपूर होता आणि तो गाडीच्या अल्टरनेटरवर पाणी फोडून काढलेला नव्हता. दिल्लीच्या बसमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन, तोही डेपोत सीएनजीपासूनच काढलेला. गडकरींची गाडी म्हणजे फ्युएल सेल, हायड्रोजनपासून वीज करून मोटरवर चालणारी, बाहेरून टाकी भरून घ्यायची. तिन्हीकडे हायड्रोजन गाडीबाहेर किंवा दुसऱ्या इंधनातून येतो. किट मिनिटाला लीटरभर गॅस सोडतं, त्यात ताकद 110 वॉटची. 60 च्या स्पीडला 20 चा ॲव्हरेज देणारी गाडी त्याच वेळी 27,000 वॉटचं पेट्रोल जाळत असते. आणि चांगल्या इंजिनात पेट्रोल न जळता जातंच किती? दोन-तीन टक्के. खरा तोटा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून गरम होऊन जातो. तिथे हायड्रोजन काय करणार?

रानवारा
स्टॅनली मेयरने अमेरिकेत पाण्यावर बग्गी चालवली होती. 1998 ला हॉटेलात जेवताना मेला. तेल कंपन्यांनी विष घातलं. हे कुणी बोलणार नाही.

घाटवाट
शवविच्छेदनात मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं निघालं. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, 1996 ला ओहायोच्या कोर्टात तज्ज्ञांनी त्याचं यंत्र उघडून पाहिलं, ते साधं पाणी फोडण्याचं भांडं निघालं. कोर्टाने फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करायला लावले. हेही कुणी बोलत नाही.

पिंपळपार
किटवाल्याच्या साडेबारा हजारांवर एवढा राग, आणि सरकार रोज पंपावर 20 टक्के इथेनॉल गळ्यात घालतं त्यावर ब्र नाही! माझी 2014 ची गाडी 17 द्यायची, आता 15 देते. भाव मात्र तोच. मला न विचारता माझ्या टाकीत भेसळ, आणि चर्चा कसली, तर पाण्याच्या बाटलीची.

कृष्णाकाठ
भेसळ म्हणू नका. माझा चार एकर ऊस आहे. कायद्याने 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, मिळायला हवी, आणि मी असे हंगाम काढलेत की गुढीपाडवा उलटला तरी बिल नाही. मुलीची फी सोसायटीकडून उचलून भरली. कारखान्याने डिस्टिलरी टाकली तेव्हापासून पैसे वेळेवर यायला लागले. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला बंदी घातली, त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटवावी वाटली नाही. तुमचे दोन किलोमीटर गेले, आमचं घर उभं राहिलं.

पिंपळपार
तुमचं घर माझ्या खिशातून का उभं राहावं? आणि मी लातूरचा आहे. 2016 ला मिरजेहून आम्हाला रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा हंडा घेऊन आईबरोबर मी रांगेत होतो. त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता. त्या पाण्याचं इथेनॉल करायचं आणि ते पेट्रोलात घालून माझा ॲव्हरेज कमी करायचा. पाण्यावर गाडी चालत नाही म्हणता? आमच्याकडे चालतेच आहे, आमच्या पिण्याच्या पाण्यावर.

कृष्णाकाठ
लातूरच्या माणसाने लातूरच्या पुढाऱ्यांना विचारावं. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यावर का ओरडता? आणि आता इथेनॉल मक्यापासून, तांदळापासूनही होतं. माहिती घेऊन बोला.

शेवगा
दोघंही थांबा जरा. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे 20 टक्क्यांवर घट दिसणारच. निती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या गाड्यांसाठी 6-7 टक्के घट लिहिलीय. पिंपळपार, 17 चे 15 म्हणजे जवळजवळ 12 टक्के. निम्मं इथेनॉलचं धरलं तरी निम्मं गाडीचं आहे, ती दाखवून घ्या. पण न विचारता टाकीत घातलं आणि भाव कमी केला नाही, ही तक्रार रास्त आहे. लातूरच्या रांगेला तर माझ्याकडे उत्तर नाही.

पिंपळपार
ठीक. सहा टक्के माझे, सहा टक्के सरकारचे. भाव कमी करा, एवढंच म्हणणं होतं.

वडाप
पाना_दहाबारा, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस गप्प होतो. किटवाल्याने त्याच दिवशी एअर फिल्टर नवा टाकला, नोझल काढून साफ केले, टायरमध्ये हवा मारली. "किट नीट चालावं म्हणून" म्हणाला. वेगळे पैसे घेतले नाहीत, म्हणून मला तो देवमाणूस वाटला.

पाना_दहाबारा
तिथेच आहे सगळं. काळा पडलेला फिल्टर आणि ठिबकणारे नोझल घेऊन डिझेल जीप 11 देणारच. ते काम दीड-दोन हजारांत झालं असतं. किटचा फ्यूज काढा, बाकी कशाला हात लावू नका. चार टाक्या चालवा आणि आकडा टाका.

वडाप
चार टाक्या झाल्या. तोच रस्ता, त्याच खेपा, फ्यूज काढलेला. 13.1, 13.4, 13.2, 13.3. वही समोर ठेवून लिहितोय.

घाटवाट, तुमचा हिशेब बरोबर निघाला. पण त्या पोस्टखाली मीही "एक नंबर किट आहे" लिहिलं होतं, ते वाचून तिघांनी बसवलं, त्यातला एक माझ्याच स्टँडवरचा. त्याला काल जाऊन वही दाखवली. तो काही बोलला नाही, जीप घेऊन निघून गेला. तुमच्या मेव्हण्याला माझा आकडा दाखवा, ॲडव्हान्स परत मागू दे.

आणि ते डब्यातलं पाणी ओतायचं कुठे? पिवळं झालंय, तळाला तांबडा गाळ आहे. घरात लहान पोर आहे.

शेवगा
पिवळं असेल तर कुठेही ओतू नका, मोरीत नाही आणि झाडाला तर नाहीच. पोटॅश कातडी भाजतं, आणि स्टीलच्या पट्ट्यांमधलं क्रोमियम पाण्यात उतरलं की पाणी असं पिवळं होतं, ते विषारी असतं. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, वर "विष" लिहा आणि पोराचा हात पोचणार नाही असं ठेवा. मी पुढच्या आठवड्यात कराडला येणार आहे. आमच्या प्रयोगशाळेतलं असलं पाणी ज्यांच्याकडे जातं, त्यांच्याकडे हेही देते. स्टँडवरच्या त्या जीपवाल्यालाही सांगा, त्याचाही डबा घेऊन जाईन.