तलावकाठच्या नव्या उद्यानाचे स्वागत कसे करावे?

प्रश्न : काठचा रहिवासी

आमच्या वस्तीलगतच्या लहान तलावाकाठी तयार झालेले सार्वजनिक उद्यान डिसेंबरमध्ये खुले होत आहे. जेथे पूर्वी राडारोडा पडलेला असे आणि अंधार पडल्यावर कोणी फिरकत नसे, तेथे आता पायवाट, बाके आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. शासकीय उद्घाटन होईलच. त्यानंतरच्या रविवारी रहिवाशांनी आपला आनंद वेगळा साजरा करावा, असे ठरले आहे. रात्री ध्वनिक्षेपकावर गाणी, आतषबाजी आणि पाण्यात दिवे सोडणे, असा प्रस्ताव पुढे आला आहे. मला तो पटत नाही. परंतु त्याऐवजी काय सुचवावे?

उत्तर : पक्षीवेडा

ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री 10 ते सकाळी 6 तो लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. पण माझा मुख्य आक्षेप ऋतूविषयी आहे. डिसेंबरमध्ये आपल्याकडील तलावांवर स्थलांतरित बदके उतरलेली असतात, आणि त्यांच्या डोक्यावर आतषबाजी करून आपण उद्यानाचे स्वागत करणार असू, तर ते स्वागत नेमके कोणाचे, हे विचारावेसे वाटते. कार्यक्रम सकाळी ठेवा. मुलांच्या हाती माशांसाठी कणकेचे गोळे मात्र देऊ नका. न खाल्लेली कणीक कुजते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो.

उत्तर : जुना महालकर

अशा समारंभांत मंच नेहमी असा मांडतात की पाहुणे पाण्याकडे पाठ करून बसतात आणि प्रेक्षकांना तलावाऐवजी पाहुणेच दिसतात. आपण मंचच टाळावा आणि सर्वांनी मिळून काठाने एक फेरी मारावी. नागपूरचे तलाव बहुतांशी माणसांनी घडवलेले आहेत : गोंड राजा चांद सुलतानाने नाग नदीचा प्रवाह अडवून जुम्मा तलाव बांधला, तोच आजचा गांधीसागर, फुटाळा भोसल्यांच्या काळातला, तर अंबाझरीचे धरण 1870 चे. फेरीत बांध कोठे आहे, पाणी कोठून येते आणि जास्तीचे पाणी कोणत्या सांडव्यावरून जाते, हे मुलांना दाखवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा सांडवा म्हणजे काय, हे अनेकांना प्रथमच कळले. झाडे लावणार असाल तर अर्जुन, करंज आणि जांभूळ लावा. ही काठाचीच झाडे आहेत.

उत्तर : शेजारीणबाई

वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, तरी दिव्यांवर सरसकट काट मारू नये, कारण आमच्या पिढीच्या बायकांना पाण्याकाठी दिवा लावल्याशिवाय आरंभ झाला असे वाटतच नाही. मातीच्या पणत्या पायऱ्यांवर ठेवाव्यात आणि नंतर उचलून न्याव्यात. द्रोण, फुले आणि मेण पाण्यात जाऊ नये, एवढेच.

काठचा रहिवासी

सर्वांचा आभारी आहे. सकाळी 7 वाजता काठाची फेरी आणि पायऱ्यांवर पणत्या, यावर बैठकीत एकमत झाले. आतषबाजीचा आग्रह धरणाऱ्या मंडळींकडे तर्री-पोह्यांची व्यवस्था सोपवली आहे (तर्रीवाचून येणार कोण!), आणि ताटल्या स्टीलच्याच असतील, ही अट त्यांनी थोडी कुरकुर करून मान्य केली आहे.