मदत हवी आहे: थार उचलल्यापासून ६५ ते ८० च्या वेगात खालून थरथर

केळीबाग:
राम राम मंडळी. गाडी जुनी थार सीआरडीई, २०१४ ची. पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर काळ्या मातीत पोट टेकायचं, म्हणून मागे लांब शॅकल (पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, मागचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले आणि पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आवळून तेवढीच उंची घेतली. टायर २३५/७५ आर १५. तोरणमाळचा घाट असो की पालचं जंगल, गाडी झकास चालते. त्रास सपाट रस्त्यावर. जळगाव-धुळे हायवेला ६५ ओलांडले की बुडाखाली थरथर सुरू. स्टेअरिंग शांत, सीट, फ्लोअर आणि गिअरचा दांडा हलतो. रेस दिली की वाढते. त्याच वेगात न्यूट्रल केली तरी पूर्ण जात नाही, म्हणून इंजिनवर संशय नाही. आणि एक गंमत: मागे माणसं बसली किंवा केळीचे घड भरले की निम्मी होते.

व्हील बॅलन्सिंग झालं. गॅरेजवाल्याने प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफ्रन्शियलकडे ताकद नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे टोकांचे वाकणारे सांधे, नवे टाकले, शाफ्टही बॅलन्स करून आणला. फरक शून्य. आता म्हणतो, गिअरबॉक्स उतरवू. त्याआधी अजून काय तपासू?

गिरणाकाठ:
गिअरबॉक्स राहू द्या भो. शाफ्ट काढताना स्लिप जॉइंट (शाफ्टचा मागेपुढे सरकणारा दात्यांचा जोड) वेगळा केला होता का? दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत लागतात, एक दात चुकला तरी बोंब. शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, ग्रीस पुसून बघा.

केळीबाग:
बघितल्या. जुळतात.

भुसावळकर:
पुढचा प्रोपेलर बघा, उचलल्यामुळे त्याचा कोन वाढला असणार.

पाटेवाले आप्पा:
नाही वाढत. या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, डिफ्रन्शियल चासीलाच बसलेलं. टॉर्शन बार आवळला तर ताण येतो हाफ शाफ्टच्या जॉइंटवर. तरी खात्री हवी असेल तर पुढचा प्रोपेलर काढून टू-व्हीलमध्ये एक फेरी मारा, संशय फिटेल.

केळीबाग, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. वजन टाकलं की मागचं बूड बसतं, कोन कमी होतो, थरथर कमी होते. दुखनं क्रॉसमा नही, कोनमा शे. क्रॉस वाकड्यात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. पुढच्या क्रॉसने केलेली ही गडबड मागचा क्रॉस मोडून काढतो, पण दोघांचे कोन सारखे असतील तरच. मागे लांब शॅकल लावलं की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि पिनियनचं (डिफ्रन्शियलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या भागाचं) नाक वर उठतं. झाली जोडी बिघडली. बॅलन्सिंगचा इथे काही उपयोग नाही.

मोबाईलवर कंपनं मोजणारं ॲप टाका. ७० च्या वेगात तुमचं चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेऱ्या मारतं. डिफ्रन्शियलचं गुणोत्तर चारच्या आसपास धरलं तर शाफ्ट ३४. ॲपमध्ये उंच टोक साडेआठला आलं तर टायर, ३४ ला आलं तर शाफ्टचं बॅलन्स, ६८ ला आलं तर कोन. मग कोन मोजा. गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी. जॅकवर मोजलेला आकडा कचऱ्यात.

केळीबाग:
आप्पा, टोक ६७-६८ लाच! मोजमाप: ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागचा, पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) फ्लँज, जिथे शाफ्टचं पुढचं टोक जोडतं, मागे ४ अंश खाली झुकलेला, शाफ्टचा उतार ११, पिनियनचं नाक वर ७.

पाटेवाले आप्पा:
म्हणजे पुढच्या क्रॉसला ११ वजा ४, ७ अंश. मागच्या क्रॉसला ११ वजा ७, ४ अंश. तीनचा फरक, एकाच्या आत हवा. टेपर प्लेटने (पाटे आणि ॲक्सलमध्ये बसणारी पाचरीसारखी पट्टी) पिनियन ३ अंश खाली आणला तर जोडी जुळेल, पण दोन्ही क्रॉस ७ वर चालतील. हायवेच्या वेगाला ते जास्तच, क्रॉस लवकर जातील. माझं मत: गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरखाली स्पेसर देऊन मागचं टोक २ अंश झुकवा. शाफ्टचा उतारही थोडा कमी होईल, पुढचा कोन साडेचारवर येईल, मागचा साडेतीनवर. पोटाखालची थोडी जागा जाईल, ती तुमच्या काळ्या मातीचा हिशेब करून तुम्हीच ठरवा. फॅन, सायलेन्सरचा पाइप आणि गिअरचा दांडा कुठे घासत नाही ना, तेवढं बघा.

थरथर उरली तर शिवाय एक अंशाची टेपर प्लेट. लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची चिरते. रेस दिल्यावर पाटे पीळ खातात आणि नाक आणखी वर जातं, म्हणून पिनियन अंशभर खाली असलेलाच बरा. जाड बाजू कुठे ठेवायची ते पाटे ॲक्सलच्या हाऊसिंगच्या वर आहेत की खाली यावर ठरतं. वर असतील तर जाड बाजू पुढे.

केळीबाग:
आणि शॅकलच थोडे आखूड केले तर?

पाटेवाले आप्पा:
मग तर सगळंच सोपं. शॅकल दोन इंच कमी केलं की गाडी एकच इंच उतरते, पण शाफ्टचा उतार आणि पिनियन दोन्ही सुधारतात. मी आधी तेच करेन. काहीही करा, यू-बोल्ट सोडले तर शंभर किलोमीटरनंतर परत आवळा.