शब्दचर्चा: 'रहस्यप्रेमकथा' की 'प्रेमरहस्यकथा'?

पानपलटी:
प्रेमकथेत खून, भूत, परग्रह, इतिहास असं काहीतरी मिसळलेलं लेखन हल्ली भरपूर येतं. त्याला मराठीत नेमकं काय म्हणावं? 'मिश्र' फार गुळगुळीत वाटतं आणि 'संकर' म्हटलं की बियाण्याचं पाकीट आठवतं. शिवाय 'रहस्यप्रेमकथा' आणि 'प्रेमरहस्यकथा' हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. ते एकच आहेत का?

उत्तरपद:
एकच नाहीत. तत्पुरुष समासात शेवटचं पद प्रधान असतं. 'घरजावई' हा जावई असतो, 'जावईघर' म्हटलं तर ते घर होईल. तसंच 'रहस्यप्रेमकथा' ही आधी प्रेमकथा आहे, रहस्य तिचं विशेषण आहे. 'प्रेमरहस्यकथा' ही रहस्यकथा आहे.

कोणतं नाव लावायचं ते एका कसोटीने ठरतं. कथेतून प्रेमाचा धागा पूर्ण काढून टाका. खून कोणी केला हे तरीही कळत असेल आणि वाचकाची भूक भागत असेल, तर ती रहस्यकथाच आहे, त्यातली जोडी वरकरणी आहे. मग रहस्य काढून बघा. ती दोघं का दुरावली आणि का जवळ आली हेच कळेनासं झालं, तर दोन्ही धागे खरोखर विणलेले आहेत. नाव चुकीचं लावलं की वाचक चुकीची अपेक्षा धरून बसतो. प्रेमकथा म्हणून हातात घेतलेल्या पुस्तकात शेवटच्या पानावर नायिका मेली, तर फसवणूक झाली असंच त्याला वाटणार.

जुनी पोथी:
'उत्तरपद' यांचं म्हणणं बरोबर, पण 'प्रेमरहस्यकथा' याचा विग्रह 'प्रेमाच्या रहस्याची कथा' असाही होतो. मुखपृष्ठावर तो शब्द टाळलेला बरा. सरळ 'रहस्यकथा' म्हणा आणि मलपृष्ठावरच्या मजकुरात प्रेमाचा उल्लेख करा.

'संकर' मात्र इतक्यात टाकू नका. अलंकारशास्त्रात अलंकार एकमेकांत मिसळण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. तीळ आणि तांदूळ एकत्र केले तरी वेगळे दिसतात, ती 'संसृष्टी'. दूध आणि पाणी वेगळं काढता येत नाही, तो 'संकर'. तुमच्या प्रश्नाला हे दोन शब्द चपखल बसतात. एका प्रकरणात पाठलाग, दुसऱ्यात चांदणं, पुन्हा पाठलाग, ही संसृष्टी. ती वाईट नाही, पण तिला संकर म्हणू नये.

पानपलटी:
संकर घडवायचा कसा, याचं एखादं उदाहरण द्याल?

उत्तरपद:
समजा, जमिनीच्या वादात एक मोडी मृत्युपत्र पुढे आलंय आणि ते बनावट असल्याचा वकील बाईंना संशय आहे. मोडी वाचणारा माणूस त्याच घरातलं एक जुनं खाजगी पत्र ताडून बघण्यासाठी मोठ्याने वाचतो. पत्र प्रेमाचं आहे. वाचताना त्याचा आवाज अडखळतो, ती कागदाऐवजी त्याच्याकडे बघते, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात येतं की दोन्ही कागदांवरचं वळण एकाच हाताचं आहे. पुरावाही मिळाला, जवळीकही आली. हा प्रसंग दोन भागांत फोडलात तर प्रत्येक अर्धा भाग निम्म्याहून कमी ताकदीचा होईल.

तपासणीची रीत सोपी आहे. 60,000 शब्दांची, 20 प्रकरणांची कादंबरी धरा. प्रत्येक प्रकरणासमोर दोन रकाने आखा, एक प्रेमाचा, एक रहस्याचा. त्या प्रकरणात काय बदललं ते प्रत्येक रकान्यात एका ओळीत लिहा. सलग तीन प्रकरणं एकच रकाना रिकामा राहिला, तर वाचक तो धागा विसरलेला असतो. 'ती त्याला आठवत राहिली' ही ओळ बदल म्हणून धरू नका.

सर्वांत जास्त घोळ शेवटात होतो. गुन्हेगार सतराव्या प्रकरणात सापडला आणि प्रेमाची कबुली विसाव्यात आली, तर मधली दोन प्रकरणं लंगडतात, कारण धोका संपल्यावर दोघांना अडवणारं काही उरत नाही. एकाच निर्णयाने दोन्ही गाठी सुटायला हव्यात. वरच्या कथेत, तिच्या अशिलाविरुद्ध जाणारी साक्ष त्याने द्यायची की नाही, हा तो निर्णय होऊ शकतो.

मधली मात्रा:
भय आणि प्रेम एकत्र आणणाऱ्यांसाठी रसविचारात फार उपयोगी गोष्ट आहे. 'साहित्यदर्पण' हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ शृंगाराचे, म्हणजे प्रेमाच्या रसाचे, विरोधी रस म्हणून करुण, बीभत्स, रौद्र, वीर आणि भयानक अशी यादीच देतो. मग भयप्रेमकथा लिहायचीच नाही का? नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात वाट दाखवली आहे. एक रस अंगी, म्हणजे मुख्य ठेवा, दुसरा त्याचं अंग करा. नाहीतर दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा घाला. त्याने 'नागानंद' नाटकाचा दाखला दिलाय. तिथे शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत, म्हणजे विस्मयाचा रस, येतो: विरक्तीकडे झुकलेला नायक जीमूतवाहन आधी नायिका मलयवतीच्या वीणेने आणि गाण्याने थक्क होतो, मग प्रेमात पडतो.

आजच्या लेखनात ही युक्ती जशीच्या तशी चालते. प्रेत सापडल्यावर दुसऱ्याच परिच्छेदात चुंबन आलं तर वाचक बिचकतो. मध्ये 200-300 शब्दांचा विस्मयाचा किंवा निवांतपणाचा तुकडा ठेवा: बंद खोलीतलं थांबलेलं घड्याळ, गच्चीवरून दिसणारा पूर. तेवढ्याने मन वळतं.

पानपलटी:
मग 'रोमांचकथा' म्हणजे काय? 'रोमान्स'शी तिचं नातं आहे का?

मधली मात्रा:
व्युत्पत्तीचं नातं नाही. 'रोमांच' संस्कृत, अंगावरचे केस उभे राहणं. 'रोमान्स'चं मूळ लॅटिनकडे जातं. लोकभाषेत लिहिलेल्या कथेला ते नाव पडलं. मराठीत 'रोमांचक' म्हणजे थरारक, म्हणून 'रोमांचकथा' हे प्रेमकथेचं नाव म्हणून वापरणं चूक.

पण रोमांच, स्वेद म्हणजे घाम, वेपथु म्हणजे कंप, हे सगळे आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, आहेत आणि ते प्रेमातही येतात, भीतीतही. त्यामुळे 'तिच्या अंगावर शहारा आला' एवढ्याने काहीच ठरत नाही. शहारा कशाने आला, तो विभाव, म्हणजे ते कारण, आधी दाखवावा लागतो. भयप्रेमकथेत हीच जागा सोन्याची आहे: मागे पाऊल वाजलं म्हणून आलेला शहारा, हात धरल्यावरही जात नाही.

जुनी पोथी:
'प्रणयकथा' या शब्दाबद्दलही सांगायला हवं. संस्कृतात 'प्रणय' म्हणजे स्नेह, विश्वास, लडिवाळ विनवणी. आजच्या मराठीत तो शरीरसंबंधाकडे झुकला आहे. म्हणून हळुवार कथेला 'प्रेमकथा', देहाची जवळीक केंद्राशी असेल तर 'प्रणयकथा' असं वापरलं की वाचकाला अंदाज येतो.

आणि हे सगळं मिसळणं परकं मानू नका. 'कादंबरी' हा आपला शब्दच बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेवरून आला. शाप, पुनर्जन्म, माणसासारखा बोलणारा पोपट, आणि या सगळ्यातून दोन प्रेमकथा. त्यातला शाप काढला तर विरहच उरत नाही, प्रेम काढलं तर शापाला अर्थ नाही. दूधपाणीच ते.

पानपलटी:
म्हणजे मुखपृष्ठावर 'रहस्यप्रेमकथा', जोडून, मध्ये आडवी रेघ न देता?

उत्तरपद:
हो, समास आहे, जोडूनच. शब्द लांब वाटला तर 'एका बनावट मृत्युपत्राची प्रेमकथा' असं फोडून लिहा. शेवटचं पद 'प्रेमकथा'च राहू द्या.